आईनं आधी टाक उचलले, मी फ्रीज धरला. देव न मानणाऱ्यानं हात जोडणं म्हणजे ढोंग का?

पूररेषा_सांगली
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून टाकतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

२०१९ चा ऑगस्ट. आमचं घर मारुती चौकाच्या मागं, सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटाला धोका पातळी, आणि त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलेलं. पायरीला पाणी लागलं तेव्हा मी फ्रीज आणि इन्व्हर्टर माडीवर कसा न्यायचा या गडबडीत, आणि आई सरळ देवघरात. टाक, गणपती, बाळकृष्ण सगळं पदरात बांधून वर. मी ओरडलो, अगं आधी कागदपत्रं तरी घे. ऐकलंच नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना शेजारच्या काकू म्हणाल्या, देवानं वाचवलं बघा. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग पाणी कुणी सोडलं?" काकू गप्प झाल्या, आई दोन दिवस बोलली नाही.

कॉलेजपासून मी देव मानत नाही, भांडण वगैरे कुणाशी नाही, फक्त पटत नाही. पण वडील गेल्यापासून दत्तजयंतीला आईला औदुंबरला मीच नेतो. तिथं ती म्हणते हात जोड, मी जोडतो. त्या वेळी मनात काहीही नसतं, खरं सांगायचं तर गाडी कुठं लावलीय एवढंच असतं. परवा एक मित्र म्हणाला, हे ढोंग आहे तुझं. तेव्हापासून टोचतंय. काय वाटतं?

माणदेशी_गडी
ढोंगच आहे भावा, मित्र खरं बोलला. आईला औदुंबरला ने, जरूर ने, पण हात जोडायची काय गरज? गाडीपाशी थांब की.

आपल्या कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांची पुण्यात सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, माणसानं ती डोळ्यांनी बघितली पण मागं सरला नाही. आणि आपण आई रुसेल म्हणून हात जोडायचे.

काकूंना विचारलेला प्रश्न तर एकदम बरोबर. देव चांगला आहे, सगळं करू शकतो, आणि तरी पूर येतो, यातलं काहीतरी एक खोटं असणार. १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला तो १ नोव्हेंबरला, सगळ्या संतांच्या सणादिवशी, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले आणि छतं अंगावर आली. लांब कशाला जाता, आपल्या वाईजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला काय झालं? चेंगराचेंगरीत अडीचशेच्या वर माणसं गेली, आणि ती दर्शनाला आलेली माणसं होती राव, देवीचीच. ज्याला कुणाला उत्तर द्यायचंय त्यानं आधी याचं द्यावं.

निवृत्त_मास्तर_वाई
मांढरदेवीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. त्या दिवसांत वाईत आम्ही जे ऐकलं-पाहिलं ते विसरता येत नाही. तेव्हा हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही, पण तो आज कुणाला नव्यानं सुचलाय असंही समजू नका. वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप घेतलाय : कुणी सुखी कुणी दुःखी, म्हणजे ईश्वर पक्षपाती आणि वर निर्दय. त्यावर सूत्रकार म्हणतात, "वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्", म्हणजे दोष ईश्वराचा नाही, तो प्राण्यांच्या कर्माकडे बघून फळ देतो. शंकराचार्यांनी भाष्यात दृष्टान्त दिलाय तो पावसाचाच. पाऊस सगळ्या शेतावर सारखा पडतो, भात आणि जव वेगळे उगवतात ते बियाण्यामुळे.

आणि "नास्तिक" शब्दाचंही जरा सांभाळा. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा, देव न मानणारा नव्हे. पाणिनीच्या सूत्रावर टीकाकार म्हणतात, परलोक आहे मानतो तो आस्तिक, नाही म्हणतो तो नास्तिक. देवाचा प्रश्न त्यात नाहीच.

आता ढोंगाचं. सातव्या शतकातले कुमारिल भट्ट, कट्टर वैदिक, यज्ञयागाचे सगळ्यात मोठे वकील. त्यांनी श्लोकवार्तिकात जगाचा कर्ता ईश्वर ही कल्पनाच खोडलीय. ते विचारतात, करुणेनं जग केलं म्हणता तर करुणा करायला तेव्हा प्राणी होते कुठं? आणि करुणेनंच केलं असतं तर सगळं सुखाचंच नसतं का केलं? असं लिहिणारा माणूस कर्मकांडाच्या बाजूनं उभा. त्यालाही ढोंगी म्हणणार?

माणदेशी_गडी
मास्तर मान देऊन बोलतो, पण पावसाचा दृष्टान्त सांगलीच्या माणसाला देताय जरा बघा की 😀 पाऊस सारखाच पडला आणि बियाणं वेगळं, म्हंजे त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून जी माणसं गेली त्यांचं बियाणं वाईट होतं असंच ना? तोंडावर जाऊन सांगाल त्यांच्या घरच्यांना? कर्माचा सिद्धांत देवाला सोडवतो आणि मेलेल्याला आरोपी करतो. पहिलं कर्म कुठनं आलं विचारलं की म्हणायचं संसार अनादि आहे. म्हंजे उधारी खात्यावर पुढं सरकवायची, वसूल कधीच नाही.

अजून एक. देव जर पावसासारखा असला तर त्याच्यापुढं हात जोडून उपयोग काय? पाऊस नवसानं पडत नाही हे तुमच्या आचार्यांनीच कबूल केल्यासारखं झालं.

कुमारिलांचं म्हणाल तर त्यांचा वेदावर पक्का विश्वास होता, यज्ञाचं फळ मिळतं हे ते मनापासून मानत होते, फक्त मधला मालक त्यांना नको होता. आपला सांगलीवाला वेदपण मानत नाही, फळपण मानत नाही. दोघांची बरोबरी कशी करता?

निवृत्त_मास्तर_वाई
शेवटचा मुद्दा मान्य. कुमारिलांचा दाखला इथं पुरा लागू पडत नाही, माझी घाई झाली. ब्रह्मनाळचंही मान्य, शास्त्रातलं उत्तर मयताच्या दारात सांगायचं नसतं आणि मी सांगणारही नाही. पण दारात सांगता येत नाही म्हणून ते खोटं ठरतं असं नाही हो. डॉक्टरसुद्धा रोगाचं कारण तिरडीपाशी उभं राहून समजावत नाही.

पाऊस आणि हात जोडण्याचं म्हणता तर भक्तिमार्गी आचार्यांचं शंकराचार्यांच्या अद्वैत्यांशी भांडण त्याच्याच आसपास आहे. कृपा करणारा, हाक ऐकणारा देव हवा असेल तर नुसत्या पावसावर भागत नाही. त्यावर सविस्तर नंतर लिहीन, आत्ता बीपीच्या गोळीची वेळ झालीय.

हळदवाला
एवढं सूत्र-बित्र कशाला पाहिजे. साधा सौदा बघा. देव असला आणि हात जोडले तर फायदा. नसला आणि जोडले तर काय गेलं, दोन सेकंद. असला आणि नाही जोडले तर? मी म्हणतो रिस्क घ्यायचीच कशाला. विमा काढतोच की आपण.

पूररेषा_सांगली
@हळदवाला हा सौदा सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं मांडलाय, जवळजवळ तुमच्याच भाषेत. मला त्यात अडचण अशी की पेवातली हळद उघडून न बघता घेतल्यासारखं वाटतं. कुठला देव ते आधी कळायला नको? पास्कलचा देव औदुंबरला हात जोडलेले चालवून घेईल असं नाही, मूर्तिपूजा म्हणून उलट दंडच करायचा. आणि खरंच सगळं जाणणारा कुणी असेल तर हा गडी विमा म्हणून आलाय हे त्याला कळणार नाही होय?

पण पास्कलची एक गोष्ट मला कायम अडते. ज्याला विश्वास ठेवायचाय पण जमत नाही त्याला तो पुरावे देत बसत नाही. तो म्हणतो, मानतोस असं वागायला लाग, तीर्थाचं पाणी घे, प्रार्थना म्हणवून घे, हळूहळू मानायला लागशील. आमची आई अगदी हेच म्हणते, पास्कल न वाचता. माझी भीती तीच आहे बहुतेक. ढोंग आहे का यापेक्षा, हात जोडता जोडता एक दिवस हे ढोंग राहणारच नाही की काय.

हळदवाला
कुठला देव म्हणाल तर आपल्या गावचा. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. बिनधास्त जोडा हात.

कराडची_सून
सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते. तुमचं मानणं न मानणं सगळं डोक्यात चाललंय, आमच्याकडं ते ओट्यावर चालतं. सासरे पक्के नास्तिक, आगरकर वाचलेले, हॉलमध्ये फोटो पण आहे. पण नवरात्रात नऊ दिवस घट, माळ, फुलोरा, सवाष्णी, सगळं सासूबाई करतात आणि आता मी. सासरे म्हणतात माझा विश्वास नाही, आणि कडाकणी मात्र पहिली खातात. देव न मानण्याची चैन त्यांना परवडते कारण मानायचं सगळं काम दुसरं कुणीतरी करतंय. मला तर कुणी विचारलंच नाही, तुझा विश्वास आहे का म्हणून. पाळी आली की शिवायचं नाही हे मात्र विचारायच्या आधी सांगितलं.

@माणदेशी_गडी तुम्ही म्हणता गाडीपाशी थांब. बरोबर, आणि आत ओटी, नारळ, पायऱ्या चढताना आईचा हात हे कोण धरणार, बायको?

मला विचाराल तर साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांची भूमिका जास्त कामाची वाटते. त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) देवाधर्माच्या विरोधात नाही, लुबाडणाऱ्या अंधश्रद्धेच्या विरोधात आहे, असं ते सांगत राहिले. आणि त्याच साताऱ्यात जन्मलेले नट डॉ. श्रीराम लागू म्हणायचे देवाला रिटायर करा. एवढा फरक असून दोघं एका व्यासपीठावर बसून बोलायचे. देव आहे का हा प्रश्न राहू दे बाजूला, देवाच्या नावावर कुणाचं काय ओढलं जातंय ते आधी बघा. माझी तरी नऊ दिवसांची झोप जाते.

माणदेशी_गडी
ताई, कामाचं म्हणालात ते बरोबर, माझ्या आईचं पण असंच. त्याला उत्तर नाही माझ्याकडं. पण "देवाचा प्रश्न बाजूला" हे नाही पटत. सवाष्णी कशासाठी, देवीसाठी. शिवायचं नाही ते कुणाला, देवाला. मूळ तसंच ठेवून फांद्या किती दिवस छाटणार? दाभोलकरांनी तेवढी सौम्य भूमिका घेतली, तरी २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना गोळ्या घातल्याच ना. सौम्य राहून काय वाचलं?

कराडची_सून
जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात. तुमच्या मुळापर्यंत जाण्यानं अजून काय झालंय सांगा.

मिरजकर_तारवाला
आमच्याकडं एक गोष्ट सांगतात. एका माणसानं पैगंबरसाहेबांना विचारलं, उंट बांधू आणि अल्लाहवर भरवसा ठेवू, का मोकळा सोडून भरवसा ठेवू? ते म्हणाले, आधी बांध, मग भरवसा ठेव. पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत हेच चाललेलं, बोटीतनं माणसं काढणारे नमाजी पण होते आणि कधी मशिदीत न दिसणारे पण, आणि कोण कुठला ते बोटीत बसताना कुणी विचारलं नाही. बाकी नशिबात लिहिलेलं आणि माणसाची मर्जी यावर आमचे मौलवी हजार वर्षं भांडतायत, तुमचं चालू द्या. मिरजेच्या दर्ग्यात गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं तेव्हा ऐकणाऱ्यांत कोण मानतो कोण नाही मला कधी कळलेलं नाही, तंबोरा जुळलेला आहे का तेवढं कळतं. धंदाच तो आपला.

निवृत्त_मास्तर_वाई
गोळी घेऊन आलो. एक आख्यायिका आठवली, वर उदास झालंय म्हणून सांगतो. उदयनाचार्य, ज्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध करायला युक्त्यांची रास घातली, ते म्हणे जगन्नाथाच्या दारात गेले तर दार बंद. तेव्हा चिडून देवालाच म्हणाले, आता ऐटीत आहेस, पण बौद्ध वाद घालायला आले की तुझं असणं माझ्या हातात आहे! खरीखोटी देव जाणे. पण देव मानणाऱ्याचा देवाशी असा तंटा आपल्याकडं चालतो. सांगलीकर, तुमच्या काकूंना विचारलेला प्रश्न मला तरी त्याच जातीचा वाटतो. ज्याचं देवाशी काहीच देणंघेणं नाही तो इतका चिडून विचारत नाही.

पूररेषा_सांगली
मास्तर, हे नेहमीचं आहे बघा. नास्तिक चिडला की म्हणायचं आत कुठंतरी भक्त आहे, शांत राहिला की म्हणायचं संत आहे. आम्हाला साधं नास्तिक म्हणून राहूच देत नाही तुम्ही लोक 😄 मी देवावर चिडलो नव्हतो, काकूंवर चिडलो होतो. चिखल मी काढत होतो आणि नाव दुसऱ्याचं होत होतं.

आत्ता जेवताना हा धागा आईला वाचून दाखवला. सूत्र वगैरे गाळून. म्हटलं, बघ, तू टाक आधी का उचललेस यावर लोक केवढं लिहितायत. ती म्हणाली, "फ्रीज मला उचलत होता का? मला जेवढं उचलतंय तेवढं उचललं." मग भात वाढता वाढता म्हणाली, कागदपत्रं तुझ्या बापानं कुठं ठेवलेली ते तुला तरी म्हाईत होतं का.

नव्हतं म्हाईत. अजून नाही. सातबाऱ्याची जुनी नक्कल त्या पुरात गेली की घरातच कुठं आहे ते या रविवारी शोधायचंय.

हळदवाला
सातबारा ऑनलाइन मिळतोय आता. पण औदुंबरला जाऊन या एकदा, काय जातंय.