[मंडळ-यादी] रविवार 30 ऑगस्ट: वळणावर उभं राहायला तीन माणसं हवीत

प्रेषक: तात्या (वेदरबी)
सोमवार, रात्री 10.40

मंडळी,

मंडळाच्या 10 मैलांच्या सायकल शर्यतीची नावनोंदणी 28 वर बंद केली. पाडव्याच्या बैठकीत ट्रॉफीचा विषय अर्धवट राहिला, त्यानंतर इतकी नावं येतील असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं. पण वळणावर उभे राहायला एकटे डॉक्टर तयार आहेत. चार जण लागतात. इथल्या यॉर्कशायरच्या सायकल क्लबाच्या सेक्रेटरींचा आज फोन होता. गुरुवार रात्रीपर्यंत चार नावं कागदावर आली नाहीत तर आपले 28 वगळून ते त्यांची शर्यत घेतील. त्यांचं काही चुकत नाही. चॅम्पियनशिप त्यांची, पोलिसांना त्यांनी कळवलंय, आपण त्यांच्या छत्राखाली आपलं अजिंक्यपद खेळणार.

काम अवघड नाही. ए-168 वर पाच मैलांवरच्या राउंडअबाउटला रायडर पूर्ण वळसा घालून परत येतात. एकाने अलीकडे थांबून हात दाखवायचा, दोघांनी राउंडअबाउटवर, एकाने बाहेर पडायच्या तोंडाशी. गाड्या अडवायच्या नाहीत, तो अधिकार आपल्याला नाही. रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. रायडरला वळण कळलं पाहिजे आणि गाडीवाल्याला दिसलं पाहिजे की इथे काहीतरी चाललंय. जाकिटं माझ्याकडे आहेत.

तीन नावं द्या.

तात्या


प्रेषक: दादा (पुडसी)
सोमवार, रात्री 11.15

तात्या, चार कशाला? जूनमध्ये आपण इल्कलीला गेलो तेव्हा कोण उभं होतं? 19 जण गेलो, 19 परत आलो. मला वाटतं शर्यत हा शब्दच नको. पोस्टरवर "मंडळाची राइड" लिहू, क्लबाचं बंधन नको आणि वळणावर उभे राहणारे मार्शलही नकोत. ज्याला वेळ बघायची तो आपल्या घड्याळात बघेल. मुलं तीन महिने तयारी करतायत, एका फोनपायी रद्द झालं तर मला फार वाईट वाटेल.


प्रेषक: तात्या (वेदरबी)
मंगळवार, सकाळी 6.05

दादा, तुझी तळमळ कळते, तरी याला माझा ठाम नकार आहे. नंबर लावले, मिनिटा-मिनिटाने सोडले, वेळ लिहून घेतली की ती शर्यतच, पोस्टरवर काहीही लिहा. इथल्या 1988 च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या 31 व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना सायकल शर्यत भरवणारा आणि तीत भाग घेणारा दोघंही गुन्हेगार ठरतात. टाइम ट्रायल, म्हणजे एकेकाला घड्याळाविरुद्ध सोडायची शर्यत, चालते ती 1960 च्या नियमांमुळे, आणि त्यांत पोलिसांना 28 दिवस आधी कळवावं लागतं. आज कळवलं तर सप्टेंबरचा उत्तरार्ध उजाडेल, तेव्हा गणपती असतील.

इल्कलीला आपण गप्पा मारत गेलो होतो. नंबर लागला की माणूस बदलतो. मी 31 वर्षं या शर्यती बघतोय. पाच मैल जीव तोडून आल्यावर डोळ्यांपुढे फक्त पुढचं चाक असतं. राउंडअबाउटला उजवीकडून गाडी येतेय हे त्या क्षणी त्याला सुचत नाही. म्हणून तिथे माणूस हवा.

तात्या


प्रेषक: वहिनी (हॉल आणि स्वयंपाक)
मंगळवार, सकाळी 7.20

तात्या, तुमच्या तीन माणसांसाठी स्वयंपाकघरातली माणसं मोजू नका, हे आधीच सांगते. काल रात्री दोघींना तुमचे वेगळे फोन गेले ते मला कळलं. हॉल सकाळी 7 ला उघडतो. साठ जणांची मिसळ आहे. मटकीला मोड यायला या हवेत दोन दिवस लागतात, ती मी शुक्रवारी भिजवणार. कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या रात्री होईल, पण कट हॉलवरच उकळावा लागतो. शिवाय तर्री वेगळी काढायची, कारण क्लबाची माणसंही जेवणार आहेत आणि त्यांना आपलं तिखट झेपत नाही. चार जणी आहोत. चारही लागतात.

दुसरं, पाडव्याला माझे स्टीलचे दोन मोठे डबे कोणीतरी नेलेत. झाकणावर लाल नेलपॉलिशची खूण आहे. शनिवारपर्यंत आणून द्या.


प्रेषक: ओंकार (लीड्स युनि)
मंगळवार, दुपारी 12.50

हाय ऑल, मार्शलचा इश्यू आहेच तर कोर्सच बदलूया का? हलच्या बाजूला साउथ केव्हचा व्ही-718 नावाचा कोर्स आहे, ए-63 वर. देशभरातून लोक तिथे पर्सनल बेस्ट करायला येतात. डुअल कॅरेजवे, ट्रॅफिकसोबत हवा ओढली जाते, टायमिंग एकदम भारी येतं. 10 मैलांना 23 मिनिटांच्या आत यायचं हे माझं यंदाचं टार्गेट आहे, आणि ए-168 वर ते होणार नाही.


प्रेषक: तात्या (वेदरबी)
मंगळवार, दुपारी 1.30

ओंकार, तुझी वेळ तू तिथे जाऊन जरूर काढ, मी घड्याळ घेऊन येईन. पण ज्या ट्रकांमुळे हवा ओढली जाते ते ट्रक 28 पैकी 17 जणांनी आयुष्यात कधी शेजारून जाताना अनुभवलेले नाहीत. ए-168 मी मुद्दाम निवडला. शेजारून एवन-एम मोटरवे जातो, बहुतेक गाड्या तिकडून. मंडळाचं अजिंक्यपद त्याच रस्त्यावर होईल.


प्रेषक: अण्णा (ब्रॅडफर्ड)
मंगळवार, संध्याकाळी 7.45

ओंकारने वेळेचं लिहिलं म्हणून आठवलं. मुंबई-पुणे सायकल शर्यत आम्ही खंडाळ्याच्या घाटात उभं राहून बघायचो. मामा रेल्वेत होते, त्यांचं क्वार्टर तिथेच. पहाटे उठून बादली आणि जर्मनचा तांब्या घेऊन वळणावर जायचं. घाट आधी चढेल त्याला "घाटाचा राजा" म्हणत, पुण्यात पहिला कोण आला हे आम्हाला संध्याकाळी रेडिओवरच कळायचं. एक जण आमच्यासमोर उतरला, साखळी पडली होती. हात काळे, दात घट्ट आवळलेले. मामांनी नुसती सायकल मागून उचलून धरली, त्याने साखळी चढवली आणि एक शब्द न बोलता निघाला. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण पाठीवर घामाने चिकटलेला 41 नंबर आजही दिसतो.

त्यामुळे मला वाटतं आपणही घाट घ्यावा. ऑटलीच्या वर नॉरवूड एज आहे, लिंडली वूडच्या तळ्यापासून वर. चढावर वेग कमी, वळसा नाही, राउंडअबाउट नाही. एक माणूस खाली, एक वर.

जानेवारीत मी पुण्यात होतो, पुणे ग्रँड टूर सायकल शर्यत झाली तेव्हा. पाच दिवस रस्ते बंद करून यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची, शर्यत आपल्या गावात! रस्ते बंद करायचं इथे जमत नाही का?


प्रेषक: दादा (पुडसी)
मंगळवार, रात्री 8.10

अण्णा, रस्ता बंद करायला कौन्सिलचा आदेश लागतो आणि सगळा खर्च आपल्यावर. टाइम ट्रायल चालत्या रस्त्यावरच होते. तात्यांच्या कलम 31 नंतर मी रात्री वाचत बसलो होतो. इथे एकेक जण मिनिटाच्या अंतराने का सोडतात माहितेय? घोळक्याच्या शर्यतीने पोलीस चिडायचे, म्हणून इथल्या सायकल संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतीच बंद केल्या. तेव्हा बिडलेक नावाच्या गृहस्थांनी 1895 मध्ये एकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची पद्धत काढली. पहाटे, काळे कपडे घालून, कोर्सला सांकेतिक नाव देऊन. ते व्ही-718 वगैरे तिथूनच आलंय. घोळक्याची शर्यत परत आणायला 1942 उजाडलं. पर्सी स्टॅलर्डने लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन शर्यत घेतली आणि त्याबद्दल त्याला निलंबित केलं.

राइडचा माझा मुद्दा मी मागे घेतो. पण मी स्वतः पळणार आहे, मला उभं राहता येणार नाही.


प्रेषक: डॉक्टर (हॅरोगेट)
बुधवार, सकाळी 8.00

घाट ऑक्टोबरमध्ये घेऊ अण्णा, हिल क्लाइंबचा हंगाम तेव्हाच असतो. मी चढायलाही येईन.

उभं राहण्याला लोक कमी लेखतात म्हणून लिहितो. 2019 ला सायकलची वर्ल्ड चॅम्पियनशिप आमच्या दारात आली, तेव्हा 29 सप्टेंबरला मी सकाळपासून कठड्यापाशी होतो. पाऊस इतका की पुरुषांच्या शर्यतीतून बटरटब्जचा चढच काढून टाकावा लागला. पेडरसन जिंकला तो क्षण मी पाहिला नाही, माझी पाठ रस्त्याकडे आणि तोंड गर्दीकडे होतं. तरी तो माझ्या इथल्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक आहे.

आता ट्रॉफीचं. पाडव्याला हा विषय अर्धवट राहिला. 67 वर्षांचा माझ्यासारखा आणि 24 वर्षांचा ओंकार एकाच घड्याळावर मोजणार का? व्हेटरन्स टाइम ट्रायल असोसिएशनचे 40 वर्षांपुढे वयानुसार "स्टँडर्ड" आहेत: त्या वयाला त्या अंतराला अमुक वेळ, त्याहून किती लवकर आलात ते बघायचं. अजिंक्यपद त्यावर द्यावं.


प्रेषक: ओंकार (लीड्स युनि)
बुधवार, सकाळी 9.15

काका, पूर्ण रिस्पेक्ट, पण चॅम्पियन म्हणजे जो सगळ्यात आधी येतो तो. स्टँडर्डला वेगळी ट्रॉफी द्या ना. 40 च्या आतल्यांनी मग कशासाठी पळायचं?


प्रेषक: माई (मॉर्ली)
बुधवार, सकाळी 10.30

आणि बायकांचं काय? 28 मध्ये आम्ही 9 जणी आहोत. पोस्टरवर "महिला गट" कुठेही नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मी मॉर्लीत 22 वर्षं राहते. आमच्या बाजारापाशी बेरिल बर्टन यांचं मोठं भित्तिचित्र आहे, त्याच्यासमोरून मी रोज बस पकडायचे आणि या बाई कोण हे मला दहा वर्षं माहीत नव्हतं. रुबार्बच्या शेतावर राबायच्या आणि सायकल चालवायच्या. 1967 मध्ये बारा तासांच्या शर्यतीत त्यांनी 277.25 मैल काढले. त्या दिवशी पुरुषांत पहिल्या आलेल्या मॅकनमारांनी स्वतः पुरुषांचा विक्रम मोडला होता, 276.52 मैल. त्यांना मागे टाकताना बाईंनी खिशातली लिकरिशची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. दोन वर्षं पुरुषांचा विक्रम बाईच्या विक्रमाच्या खाली राहिला. हे वाचून मी 51 व्या वर्षी सायकल घेतली.

म्हणून दोन गोष्टी मागते. महिलांची ट्रॉफी वेगळी असावी आणि तेवढ्याच आकाराची असावी. आणि एकूण निकालाची यादी एकच असावी, स्त्री-पुरुष एकत्र, वेळेच्या क्रमाने.


प्रेषक: खजिनदार
बुधवार, दुपारी 2.20

तीन ट्रॉफी: खुला, महिला, स्टँडर्ड. एकाच आकाराच्या. पैसे गणपतीच्या वर्गणीतून घेणार नाही, ते खातं वेगळं आहे आणि वेगळंच राहील. प्रवेश फीमधून भागतं, मी हिशेब केला. नाव कोरायला दुकानाला आठ दिवस लागतात, तेव्हा त्या दिवशी कोरी ट्रॉफी मिळेल आणि नाव मागाहून.


प्रेषक: सुजाता (हडर्सफील्ड)
बुधवार, दुपारी 4.05

माझा भाचा एमएस्सीला आलाय, नाव दिलंय पण सायकल नाही. उंची 5 फूट 10. कोणाकडे जादा आहे का? मागचा दिवा असला तर उत्तम.


प्रेषक: तात्या (वेदरबी)
बुधवार, दुपारी 4.20

सुजाता, माझी जुनी स्टीलची ने. शनिवारी ये, सीट लावून देतो. सर्वांसाठी: पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवे चालू हवेत आणि हेल्मेट हवं. त्याशिवाय सोडणार नाहीत. 18 खालच्यांनी पालकांच्या सहीचा कागद आणावा. आणि पुढच्याच्या मागे चिकटून हवा वाचवायची नाही, ओलांडलं की मागच्याने मागे पडायचं.

वळणाचं अजून कोणीच बोलत नाहीये. डॉक्टर, एकटे.


प्रेषक: वहिनी (हॉल आणि स्वयंपाक)
बुधवार, रात्री 9.50

तात्या, आज कामावर जेवणाच्या सुट्टीत कागदावर मांडून पाहिलं. एक नंबर 8 वाजून 1 मिनिटाने सुटणार, 28 नंबर 8.28 ला. ओंकारसारखा वळणावर 12 मिनिटांत येईल, आमच्या माईंसारखी 20-22 मिनिटांत. म्हणजे पहिला साधारण 8.13 ला आणि शेवटची 8.50 ला. वळणावर खरं काम पाऊण तासाचं आहे. ते तुम्ही पहिल्या मेलमध्ये लिहिलं असतं तर मी इतकी चिडले नसते. मला वाटलं अख्खी सकाळ जाणार.

मिसळ 9.30 च्या आत कोणी खाणार नाही. कट मी शनिवारी रात्रीच घरी पूर्ण करते. मुरलेला कट दुसऱ्या दिवशी जास्तच चांगला लागतो, फक्त तर्री ताजी. हॉलवर 7 ला दोघी गॅसवर चढवतील. मी आणि सुमन वळणावर येतो, 9 ला परत. एक अट: आम्हाला कोणी न्यायचं आणि वेळेत आणायचं ते आत्ता ठरवा. 9 म्हणजे 9.

डब्यांचं कोणीच बोललं नाही.


प्रेषक: अण्णा (ब्रॅडफर्ड)
बुधवार, रात्री 10.15

वहिनी, मी नेतो आणि मी आणतो, आणि चौथा मीच. गुडघ्यामुळे पळायचं नावच दिलं नव्हतं आणि उभं राहायचं मनात आलं नाही, हे चुकलं. घाटात मामांबरोबर दुसरं काय करत होतो? बादली आणि तांब्या घेऊन येऊ का?


प्रेषक: तात्या (वेदरबी)
गुरुवार, सकाळी 5.55

डॉक्टर, वहिनी, सुमन, अण्णा. चार नावं आत्ता क्लबाला पाठवली. वेळेचं मी आधी लिहायला हवं होतं, वहिनी.

अण्णा, पाणी चालू शर्यतीत द्यायचं नाही, 10 मैलांना लागतही नाही. बादली हॉलवर आणा, तिथे लागेल. वळणावर अलीकडचा खांब तुमचा. हात खांद्याच्या उंचीवर सरळ, बोटं जोडलेली, रायडर पार जवळ येईपर्यंत खाली घ्यायचा नाही. नंबर मोठ्याने वाचा, शेजारी कोणीतरी टिपून घेईल. कोणी मागे राहिला तर तिथेच कळतं.

सुटण्याच्या जागी सीट धरायला मी आहे. नवख्यांनी घाबरू नये. दोन्ही पाय पेडलवर ठेवा, मी धरलेलं असतं. उलटी मोजणी संपली की मी ढकलत नाही, नुसता सोडतो.

वहिनी, तुमचा एक डबा माझ्या गॅरेजमध्ये सापडला. त्यात सेफ्टी पिना ठेवल्या होत्या. दुसऱ्याचं मला माहीत नाही.

तात्या


प्रेषक: वहिनी (हॉल आणि स्वयंपाक)
गुरुवार, सकाळी 7.10

पिना त्यातच राहू द्या, नंबर लावायला लागतील. रविवारी घेते. दुसरा कोणाकडे आहे?