पोचले, एवढे कळवायचे राहून गेले: अनोळखी उपकारकर्त्याचा शोध घ्यावा का?

पाऊसवाट

२६ जुलै २००५ च्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेरीतून मुलुंडला घरी जायला निघाले. लोकल बंद होत्या, रस्ता दिसत नव्हता आणि फोन लागत नव्हते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम ७३, हे नंतर वाचले. त्यामुळे फोर्टात नोकरीला असलेल्या माझ्या भावाला उपनगरात काय चालले आहे याची संध्याकाळपर्यंत कल्पनाच आली नाही.

कुर्ल्यात उघड्या गटारांपाशी काही मुले दोर धरून उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून पुढे सोडत होती. त्यांच्यामागच्या चाळीतून एका काकूंनी मला हाक मारली, "अगं पोरी, पुढे छातीएवढं पाणी आहे, वर ये." दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत खालच्या बिऱ्हाडांचे धान्याचे डबे, दोन शिलाई मशीन आणि एक वयोवृद्ध आजोबा आधीच येऊन दाखल झाले होते. मला त्यांच्या मुलीचा पंजाबी ड्रेस मिळाला आणि मेणबत्तीच्या उजेडात गरम खिचडी मिळाली. सकाळी निघताना काकूंनी कॅलेंडरच्या जुन्या पानावर फोन क्रमांक लिहून दिला आणि बजावले, "पोचलीस की कळव." त्या पानाचा वाटेतच लगदा झाला. नाव मी विचारले नव्हते, कारण क्रमांक हातात असताना नाव विचारायचे सुचलेच नाही.

ड्रेस अजून माझ्या कपाटात आहे. वीस वर्षांनंतर त्यांचा शोध घेणे योग्य ठरेल का? "आता तू दुसऱ्या कोणाला तरी मदत कर, म्हणजे फिटले," असे मला अनेकांनी सांगितले. दुसऱ्याला मदत करावी हे खरेच, परंतु त्याने माझे ओझे उतरते, काकूंपर्यंत मात्र काहीच पोचत नाही.

गॅलरीतून

ताई, मी त्या रात्री दुसऱ्या बाजूला होतो, म्हणून लिहितो. आमचे घर तेव्हा कलिन्यात होते आणि आमच्याकडे नऊ अनोळखी माणसे राहिली. लोकांना वाटते तसे त्यात मनाच्या मोठेपणाचे फारसे काही नव्हते. दार उघडे होते, पहिला माणूस आत आला आणि मग दुसऱ्याला नको म्हणायला काही कारणच उरले नाही. खरी पंचाईत एकच होती. एवढ्या माणसांना एक संडास, आणि नळाला पाणी नाही. याविषयी कोणी कधी लिहीत नाही.

त्या नऊ जणांत कळव्याचे एक गृहस्थ आणि त्यांचा चार-पाच वर्षांचा मुलगा होता. मुलाला ताप होता, तरीही पाणी थोडे उतरताच ते त्याला खांद्यावर घेऊन निघाले. पुढे कित्येक वर्षे पाऊस जोरात लागला की आमची आजी विचारायची, "तो पोरगा पोचला असेल ना रे?" उत्तर कोणाकडेच नव्हते आणि आजी ते न कळताच गेली. आम्हाला कोणाकडून ना कपडे परत हवे होते, ना पेढे. तेवढी बातमी मात्र हवी होती. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: शोधा.

शेवटचा डबा

वरच्या प्रतिसादाचा आदर ठेवून मी थोडा वेगळा विचार मांडतो. मदत करणाऱ्या प्रत्येकाला आपण सापडावे असे वाटत नाही. काही वर्षांपूर्वी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर एका जखमी दुचाकीस्वाराला मी रुग्णालयात पोचवले आणि नाव न सांगता निघालो. त्याच्या नातेवाइकांनी गाडीच्या क्रमांकावरून मला शोधून काढले. ते नारळ घेऊन आले, पुढे मुंजीचे आमंत्रण आले, आणि शेवटी त्यांच्या भाच्याच्या नोकरीसाठी शब्द टाकण्याची विनंतीही आली. माणसे भली होती, यात शंका नाही. पण मला अवघडल्यासारखे झाले ते झालेच.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे आता कायद्यानेच मान्य केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये त्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. पोलीस आणि न्यायालयाच्या खेपांना घाबरून लोक जखमीजवळ थांबत नसत, हे त्यामागचे मुख्य कारण. पण निनावी राहण्याची इच्छा केवळ भीतीपोटीच असते असे नाही. शोध जरूर घ्या, मात्र सापडल्यावर थेट दारात जाऊन उभ्या राहू नका.

उपनगरी वाचक

माझ्या मामांचा रक्तगट 'बॉम्बे' आहे, म्हणजे १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला तो दुर्मीळ गट. या गटाच्या माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही, त्याच गटाचा दाता लागतो, आणि आपल्याकडे अशी माणसे साधारण दहा हजारांत एक. मामांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एक तरुण रात्रभर एसटीने प्रवास करून रक्त द्यायला आला. आम्ही त्याच्या हातात पाकीट ठेवले, तेव्हा त्याने तिकिटाचे पैसे मोजून घेतले आणि बाकीचे परत केले. आम्हाला त्या क्षणी थोडे लागलेच. त्याने आपल्याला किती सहज मोकळे केले, हे नंतर लक्षात आले. त्यामुळे ड्रेस परत करायचा असेल तर तेवढाच परत करा. सोबत भारी साडी नेऊ नका.

वर्गणीदार

शोधायचे कसे, याविषयी थोडेसे. कुर्ल्यातल्या कित्येक चाळींचा पुनर्विकास झाला आहे, त्यामुळे पत्ता आठवून उपयोग नाही. त्या गल्लीच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाकडे जा. बिऱ्हाड विरारला गेले काय किंवा अंबरनाथला गेले काय, मंडळ वर्गणी सोडत नाही, आणि जुन्या पावतीपुस्तकांत मजल्यासकट नावे असतात. गणपतीच्या आधीचे दोन रविवार सोडून कधीही जा. त्या दिवशी कोणी तुमच्याशी बोलणार नाही.

पाऊसवाट

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी जाऊन आले. चाळीच्या जागी बावीस मजली इमारत आहे, पण मंडळाची खोली तळमजल्यावर आहे आणि तिथले खजिनदार त्या रात्री गटारापाशी दोर धरणाऱ्यांतलेच निघाले. 'दुसरा मजला, शिलाई मशीन, आजोबा' एवढ्या खुणांवरून त्यांनी घर ओळखले. मशीन त्यांच्याच आईचे होते आणि आजोबा शेजारचे. काकू आता मुलीकडे राहतात. त्यांचा क्रमांक खजिनदारांनी दिला नाही, आणि 'शेवटचा डबा' यांचे म्हणणे आठवून मीही आग्रह धरला नाही. त्यांनी माझा क्रमांक वहीत लिहून घेतला आणि निरोप काय द्यायचा ते विचारले. मी सांगितले, आणि त्यांनी तो क्रमांकाखाली जसाच्या तसा लिहिला: "२७ जुलैला दुपारी अडीच वाजता मुलुंडला पोचले. ड्रेस माझ्याकडे आहे."