शेजारच्या प्लॉटचा भू-उपयोग विचारला, तर म्हणे ‘व्यक्तिगत माहिती’!

रामबागवाली
इंदुरात आमच्या मागच्या गल्लीत जुना वाडा पाडून चार मजली हॉस्टेल झालं. खाली मेस, वर तीस-चाळीस मुलं, गाड्या सगळ्या रस्त्यावर. ती जागा शहराच्या विकास आराखड्यात ‘आवासीय’, म्हणजे फक्त राहण्यासाठी, आहे असं सगळेच म्हणतात, पण कागद कुणाकडेच नाही. म्हणून दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज दिला: या जागेचा भू-उपयोग (ती कशासाठी वापरायची ते), मंजूर नकाशा आणि सगळी नस्ती, म्हणजे फाइल, द्या. तीस दिवसांची मुदत मात्र पाळली हो त्यांनी. एकोणतिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: तिसऱ्या पक्षाची व्यक्तिगत माहिती, माहिती अधिकार कायद्याची धारा ८(१)(ञ), देता येत नाही.

घर त्यांचं आहे, मान्य. पण त्या जागेवर काय चालावं हे शहरानं ठरवलंय. असे कागद मागायलाच लागू नयेत, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

नकाशेवाला
ताई, तुम्ही तीन दुकानांचा माल एका दुकानात मागितलात. भू-उपयोग सांगणार नगर तथा ग्राम निवेश, म्हणजे नगररचना खातं, बांधकामाची अनुज्ञा (परवानगी) देणार महापालिका, आणि खसरा, म्हणजे जमिनीचा नंबर, कुणाच्या नावे आहे ते महसुलाकडे.

भू-उपयोग खाजगी असूच शकत नाही. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमात विकास योजनेचा मसुदा लोकांपुढे ठेवून आक्षेप घ्यावेच लागतात. इंदूरचा ‘२०२१’ चा आराखडा १ जानेवारी २००८ पासून लागू झाला. नावातलं वर्ष संपलं म्हणून तो संपत नाही, नवा लागू होईपर्यंत तोच. इथपर्यंत मी तुमच्या बाजूनं.

मंजूर नकाशाचं मात्र नाही पटत. मी घरांचे नकाशे काढून पोट भरतो. त्यात झोपायची खोली कुठे, मागचं दार कुठे उघडतं, सगळं असतं. उद्या तुमच्याच घराचा नकाशा कुणी दहा रुपयांत नेला तर चालेल?

रामबागवाली
मला त्यांची झोपायची खोली नकोय हो! एमओएस, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, किती सोडलं, पार्किंग किती दाखवलं, उपयोग काय लिहिला, तेवढं द्या. बाकीचं काळं करा. देण्याजोगा भाग वेगळा काढून द्यायला धारा १० आहे की.

निवृत्त बाबू
एकतीस वर्षं नस्त्या वाहिल्या, कुठल्या खात्यात ते विचारू नका. ताईंचा हेतू स्वच्छ असेल. पण अर्जदाराला कारण विचारायचं नाही, असं कायदाच म्हणतो, आणि त्याचा फायदा कोण घेतो ते आम्ही खिडकीच्या आतून बघितलंय. सकाळी नस्तीची प्रत नेतो, संध्याकाळी बिल्डरच्या ऑफिसात चहा पितो, आणि पुढची तक्रार कधी येतच नाही.

शिवाय ‘सगळी नस्ती द्या’ म्हणजे काय? नोटशीट, पत्रं, चलनं, मोठ्या कागदावरचे नकाशे. एक माणूस दोन दिवस त्यातच. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात बजावलंय, कर्मचाऱ्यांचा ७५ टक्के वेळ नेहमीचं काम सोडून माहिती जमवण्यात जावा अशी वेळ आणू नका.

सुदामानगरची सून
काका, तो ब्लॅकमेलर विकतो काय? तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलेला कागद! कपाट उघडं टाका, उद्या त्याचं दुकान बंद. कुणी न मागता जास्तीत जास्त माहिती आपणहून प्रसिद्ध करा, हे २००५ च्या कायद्याच्या धारा ४ मध्येच आहे. ते केलं असतं तर तुमचा माणूस दोन दिवस झेरॉक्स मशीनपाशी उभा राहिलाच नसता.

माझं सांगते. आम्ही प्लॉट बघायला गेलो, तर दलालानं नकाशाचा रंगीत झेरॉक्स पुढे केला. पिवळ्यात आहे भाभीजी, एकदम आवासीय. नंतर कळलं, आराखड्यातला रस्ता त्या प्लॉटच्या अर्ध्यावरून जातो. टोकनचे पैसे गेले ते गेलेच.

निवृत्त बाबू
सूनबाई, हा तर माझ्या बाजूचा दाखला झाला. नकाशा उघडाच होता ना तुमच्यापुढे? वाचता आला का?

१:२५,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. पेन्सिलीची जाड रेघ अख्खा प्लॉट गिळते. त्यात खसऱ्याचं बटांकन, म्हणजे पोटविभाजन, होऊन एका नंबराचे चार तुकडे झालेले. रेघ कुठल्या तुकड्यावरून गेली, हे मोबाइलवर बोटांनी मोठं करून कळत नाही. आणि १९७३ च्या अधिनियमाच्या धारा २३-क खाली शासन मधेच एखाद्या जागेचा उपयोग बदलू शकतं, ते जुन्या नकाशावर कुठून दिसणार? वेबसाइटवरचं चित्र घेऊन लोक बँकेत जातील आणि शिव्या आम्हाला. सही-शिक्का आणि तारीख असलेला दाखलाच घ्यावा.

सुदामानगरची सून
वाचता आला नाही, हे कबूल. पण मग दाखलाही घ्या आणि नकाशाही उघडा ठेवा, यात भांडण कुठंय? आणि २३-क चा बदल झाला की तोही त्याच नकाशावर चढवा. आत्ता वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना येते, ती फक्त ज्याला ठाऊक असतं तोच वाचतो.

जुना इंदूरी
पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारानं १९१८ मध्ये होळकर दरबाराला शहराबद्दल दोन खंडांचा अहवाल दिला. तो इथे असताना त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली होती. ती कुठल्या गल्लीतून नेणार? जिथल्या लोकांनी घरं-अंगणं जास्त साफ केली तिथून. शहराचं नियोजन त्यानं लोकांच्या दारात नेलं, आणि आपण शंभर वर्षांनी आवक-जावकच्या खिडकीवर पावती धरून उभे.

नकाशेवाला
मिरवणुकीतून एमओएस कळत नाही, दादा.

ताई, आता कामाचं. ८(१)(ञ) पूर्वीसारखी राहिली नाही. आधी त्या धारेतच लोकहिताची अट होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ती कापून नुसती ‘व्यक्तिगत माहिती’ ठेवली. म्हणून अपिलात तिच्याशी झगडू नका, धारा ८(२) धरा. नुकसानीपेक्षा लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे अजून तिथे आहे. पहिलं अपील तीस दिवसांच्या आत टाका.

शिवाय मेसला परवानगी ‘का’ दिली असं विचारू नका, ‘का’ची प्रत निघत नाही. अनुज्ञेची प्रत मागा, खसरा नंबर आणि वर्ष घालून. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर योग्य खात्याकडे पाठवायचं काम त्यांचं, धारा ६(३), पाच दिवसांत. आणि प्रत मागण्याआधी नस्ती बघायला मागा. निरीक्षणाचा हक्क आहे, पण तो फारसा कुणी वापरत नाही.

निवृत्त बाबू
हे बरोबर सांगितलं. बघायला आलेला माणूस मला कधी जड वाटला नाही. मोजकी चार पानं निवडून मोकळा होतो.

रामबागवाली
बरं, भू-उपयोगाचा वेगळा अर्ज आज लिहिते, आणि हॉस्टेलच्या अनुज्ञेसाठी अपील. निरीक्षणही मागते. पण खरं सांगू, तो नकाशा पुढे ठेवला तर मलाही पिवळंच दिसेल.

निवृत्त बाबू
तारीख मिळाली की सांगा, स्केलपट्टी घेऊन येतो मी. माझं मत मात्र तेच आहे हं.