तुतनखामनचे कर्णे फुंकायला हवे होते का?

पाणकणीस (धागाकर्ता)
१९२२ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने उघडलेल्या, प्राचीन इजिप्तचा फारो (राजा) तुतनखामन याच्या थडग्यात दोन सरळ कर्णे निघाले, एक चांदीचा, दुसरा तांब्याच्या मिश्रधातूचा. चांदीचा साधारण ५८ सेंमी लांब. पत्रा पातळ, रुंद तोंडावर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. पोचे पडू नयेत म्हणून आत बसणारे रंगवलेले लाकडी गाभेही सोबत होते. म्हणजे ठेवणाऱ्यांनाच त्यांच्या नाजूकपणाची केवढी काळजी! आणि एप्रिल १९३९ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमासाठी ब्रिटिश फौजेच्या बँडमधल्या जेम्स टॅपर्नने कैरोच्या संग्रहालयात हे दोन्ही कर्णे वाजवले. त्याआधीच्या एका प्रयत्नात चांदीचा कर्णा फुटून दुरुस्त करावा लागला होता, तरीही! तीन हजारांहून जास्त वर्षं टिकलेली वस्तू काही मिनिटांसाठी पणाला लावायचा हक्क कुणालाच नव्हता, असं माझं ठाम मत आहे.

फुंकर
अजिबात पटलं नाही. प्राचीन इजिप्तची वाचता येईल अशी स्वरलिपी आपल्या हाती नाही. चित्रं रग्गड आहेत. नख्त नावाच्या प्राचीन इजिप्ती लेखनिकाच्या थडग्यातल्या चित्रातल्या त्या तिघी वादक बघा: एकीकडे उभी हार्प, मधलीच्या हातात लांब दांडीचं तंतुवाद्य, तिसरीच्या ओठांना जोडपावा. सगळं दिसतं, ऐकू मात्र काही येत नाही. बीबीसीच्या त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. वाद्य वाजण्यासाठीच घडवलेलं असतं हो.

पाणकणीस
काटा येतो, मान्य. पण तो आवाज कुणाचा? टॅपर्नने आधुनिक माउथपीस लावून वाजवलं. मूळ कर्ण्याला फुंकायच्या टोकाशी नुसती गोल कडा आहे. जेरेमी माँटेग्यू या वाद्यअभ्यासकाने पुढे या कर्ण्यांचा अभ्यास केला. त्याच्या मते कामाचा सूर जेमतेम एक. खालचा दुबळा आणि वरच्यासाठी जीव काढावा लागतो. म्हणजे इशारे द्यायचं वाद्य, सगळा खेळ लयीचा. रेडिओवरची ती सुरावट विसाव्या शतकातली.

वाळवंटी
कर्ण्यांवरच का अडलाय? हाथोर देवीच्या पूजेतलं सिस्ट्रम घ्या. मुठीवर देवीचा चेहरा, वर कमान आणि तिच्यात आडव्या सळया. हलवलं की खुळखुळतं. त्याच जातीचं वाद्य इथिओपियाच्या चर्चमध्ये आजही उपासनेत वाजतं. ‘नाय’ ही बोरूची बासरी, तो तर इजिप्तमध्ये अजून रोज फुंकला जातो. जुना नाद शोधायचा तर या वादकांपाशी जाऊन बसा. मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

घणघण
नाय आजचा, त्याची भोकं आजच्या संगीताला जुळवलेली. त्यावरून फारोच्या काळाचा अंदाज कसा बांधणार? आणि मूळ कर्णा न फुंकता त्याची प्रतिकृती घडवायची म्हटलं, तरी ती बरोबर झाली हे मूळ वाद्य एकदा तरी वाजवल्याशिवाय कळणार कसं?

पाणकणीस
लांबी, आतला व्यास, पत्र्याची जाडी मोजा. सूर बहुतांशी त्यातच ठरतो. तशी नळी घडवा आणि माउथपीस न लावता हवी तितकी फुंका. फुटली तर दुसरी घडवू.

फुंकर
आणि २०११? कैरोतल्या उठावात संग्रहालय फोडलं गेलं, तांब्याचा कर्णा चोरीला गेला. काही आठवड्यांनी मिळाला म्हणून ठीक. नसता मिळाला तर तुमच्याकडे फक्त मापं उरली असती. आमच्याकडे निदान त्या धातूचा आवाज राहिला असता, माउथपीस कुठलाही असो.

पाणकणीस
चोरी झाली म्हणून पहारा वाढवा, कुलपं बदला. चांदीचा कर्णा काही चोरांनी फोडला नव्हता.