निकालात पदकाचं चिन्ह टाकलं आणि नावच गेलं! कोणतं पदक, कसं टाकावं?

रामबागकर
नमस्कार मंडळी. इंदुरातल्या आमच्या मंडळात गणेशोत्सवात मुलांच्या स्पर्धा होतात. यंदा साइटवर निकाल भरताना 'प्रथम' लिहून पुढे 🥇 आणि मग मुलीचं नाव टाकलं. जतन करून पाहिलं तर 'प्रथम' एवढंच उरलेलं. नाव, शाळा, सगळं साफ. तिच्या आजीचा फोन आला, "आमच्या पोरीचं नाव कुठंय?" फार वाईट वाटलं. मराठी मजकूर इतकी वर्षं नीट जतन होतोय, मग एका पदकानंच असं का व्हावं?
शिवाय महूहून दोन निवृत्त सुभेदार सत्काराला येताहेत. त्यांच्या निमंत्रणावर कोणतं पदक शोभेल?

डेटाबेसवाला
ताई, तुमचं काही चुकलं नाही. साइटची माहिती साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल असणार आणि त्यातले तक्ते अक्षरं साठवायच्या जुन्या 'यूटीएफ८' पद्धतीवर. त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट (साठवणीच्या जागा) मिळतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, बरोबर तीन बाइटांचं, म्हणून आजवर अडलं नाही. पदकाला चार लागतात. सेटिंग सैल असेल तर पदकापासून पुढचं सगळं छाटलं जातं. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.
डेव्हलपरला सांगा, तक्ते चार बाइटांच्या 'यूटीएफ८एमबी४'वर न्या, आणि साइट व डेटाबेस यांच्यातलं कनेक्शनही. कनेक्शन बरेच जण विसरतात, मग पदकाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आधी बॅकअप घ्या. छाटलेली नावं परत येणार नाहीत, ती हातानंच भरावी लागतील.
तोवर पानाच्या एचटीएमएलमध्ये 🥇 असं लिहा, अंक इंग्रजीच हवेत. ही साधी अक्षरं असल्यानं जुन्या तक्त्यातही टिकतात.

महूची लेक
वडील फौजेत होते, म्हणून आग्रहानं सांगते: सुभेदारांसाठी 🎖️च घ्या. ते सैनिकी पदक आहे, वर फीत असलेलं. 🏅 खेळाडूंचं. धावणाऱ्या सगळ्या मुलांना ते द्या, आणि 🥇🥈🥉 फक्त क्रमांक असेल तिथे. सत्काराच्या पत्रिकेवर खेळाचं पदक पाहिलं की मला खुपतं.
एक लक्षात ठेवा, 🎖️च्या कोडमागे (127894) आणखी एक न दिसणारं चिन्ह लागतं, 65039. ते नसलं तर काही ठिकाणी नुसती काळी आकृती दिसते. फोनच्या कीबोर्डवरून टाकलंत तर सहसा ते आपोआप येतं.
सैनिकी आणि खेळाचं पदक युनिकोडमध्ये (अक्षरांना नि चिन्हांना कोड देणाऱ्या जागतिक मानकात) २०१४ साली आलं, क्रमांकाची तिन्ही २०१६ला. फार जुन्या फोनवर क्रमांकाच्या जागी चौकोन दिसू शकतो.

सराफ्याजवळचा
म्हणूनच 'प्रथम' हा शब्द काढू नका. माझा भाऊ पाहू शकत नाही, फोन त्याला वाचून दाखवतो. नावाआधी तीन पदकं असली की पदकाचं नाव तीनदा ऐकल्यावर मुलाचं नाव येतं. पदक एकच, तेही नावामागे.
आणि एसएमएस पाठवणार असाल तर देवनागरीत एका संदेशाला ७० जागा, त्यातल्या दोन पदक खातं. तिथे नकोच.

रामबागकर
मनापासून आभार. तक्ते आणि कनेक्शन दोन्ही बदलून घेतले, नावं पुन्हा भरली, 'प्रथम' ठेवून पदक मागे लावलं. आजींना लिंक पाठवली. पत्रिकेवर 🎖️. आता छापखान्याचं विचारते, ते कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करतात, पदक उमटेल का?

डेटाबेसवाला
त्या भरवशावर राहू नका. पदकाचं मोठं चित्र वेगळं द्या, ते ओळीत बसवतील.