पेन्झन्सची ती दुपार

२०२०-२१ ची रग्बी चॅम्पियनशिप म्हणजे लंडनच्या सॅरासेन्स क्लबची नुसती सहल होती, असं म्हणतात; मला ते पटत नाही. खेळाडूंच्या पगारावरची मर्यादा मोडल्यामुळे एकूण १०५ गुण कापले गेले आणि युरोप गाजवलेला हा संघ इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे या चॅम्पियनशिपमध्ये, आला. पहिलाच सामना ६ मार्चला, कॉर्नवॉलच्या पार टोकाला पेन्झन्समध्ये. कोविडमुळे तिथलं मेनाय फील्ड मैदान रिकामं, आणि यजमान कॉर्निश पायरेट्स २५-१७ ने जिंकले! त्या गावाला हे स्टँडमधून पाहायला मिळालं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

अंतिम फेरीत सॅरासेन्सपुढे ईलिंग या लंडनच्याच क्लबची धूळधाण झाली हे खरं, दोन सामने मिळून ११७-१५. पण पुढच्याच हंगामात ईलिंग अव्वल आले, तर मैदानाची प्रेक्षकक्षमता कमी म्हणून त्यांना वरच्या श्रेणीत बढती नाकारली. अन्याय झाला तो तिथे.