ट्रॅफिकमध्ये काटा चढतो, पंखा मात्र गप्प

कोव्हेंट्रीकर:
मंडळी, माझी ७५० किलोची दोन सीटर आहे. इंजिन मागे, रेडिएटर पुढे नाकात. हायवेवर इंजिनच्या तापमानाचा काटा ८८ अंशांवरून हलत नाही. परवा लंडनभोवतीच्या एम-२५ हायवेवर गर्दीत अडकलो आणि बघता बघता १०८! रेडिएटरच्या पंख्याचा आवाजच नाही. इंजिनची उष्णता ओढायला हीटर फुल करून, काचा खाली घेऊन कसाबसा बाहेर पडलो. अजून धास्ती गेलेली नाही. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलू का?

जुनास्पॅनर:
थर्मोस्टॅटला आत्ताच हात लावू नका. तो बंद अडकला असता तर हायवेवरही तापली असती. वेगात वारा काम करतो, गाडी थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. पंख्याचा प्लग काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरला तर मोटर चांगली आहे. मग फ्यूज, रिले (पंख्याला करंट सोडणारा स्विच), टेंपरेचर स्विच बघा. पण सगळ्यात आधी अर्थिंग, म्हणजे पंख्याची बॉडीला जोडलेली वायर. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते नेमकं नाकात जाऊन बसतं.

घाटवाली:
कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बदललं होतंत का? मागून पुढे एवढे लांब पाइप, हवा हमखास अडकते. आणि इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका, हात जोडून सांगते. माझ्या भावाचं मनगट भाजलंय.

कोव्हेंट्रीकर:
थेट करंट दिला, पंखा फिरला! अर्थिंगचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवा पडून भुगा झाला होता. घासून नवा लग लावला. वीस मिनिटं गाडी उभी चालू ठेवली. १०२ ला पंखा सुरू, ९४ ला बंद. जुनास्पॅनर, मनापासून आभार.